हायब्रिड गाडी निवडताना: जूनपासून पाडव्यापर्यंतचा हिशेब

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जूनमध्ये, आमच्या तेरा वर्षे वापरलेल्या डिझेल गाडीने शिरोलीच्या पुलावर काळा धूर सोडला आणि त्यानंतर तिचा वेग चाळिसाच्या पुढे जाईना. कशीबशी ती उद्यमनगरात आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली. इंजेक्टर आणि टर्बो मिळून बासष्ट हजारांचा अंदाज निघाला, तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितले, "ताई, एवढं घालून बी दिवाळीला क्लचचं काम निघनारच हाय. चार म्हयनं चालंल एवढं करून देतो, तोवर नवीन बघा." नऊ हजारांत त्यांनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणली आणि आमचा शोध सुरू झाला. तो संपला बलिप्रतिपदेला. या साडेचार महिन्यांत जे कळले ते सुरुवातीलाच कोणी सांगितले असते तर माझे निदान सहा शनिवार वाचले असते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी इचलकरंजीतल्या एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब पाहते. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून रोज जाऊन-येऊन साठ किलोमीटर होतात. महिन्यातून एकदा सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, घेऊन आजऱ्याच्या शेतावर जावे लागते आणि वर्षातून चार-पाच वेळा पुणे होते. डिझेलचा मार्ग आमच्यासाठी संपला होता. सीएनजीचा विचार केला, पण सकाळी आठला निघून नऊला कामावर पोहोचणाऱ्या माणसाला पंपावरची रांग परवडत नाही. विजेवर चालणारी गाडी मला मनापासून आवडली असती, परंतु आमच्या अपार्टमेंटमध्ये पार्किंगपर्यंत स्वतंत्र मीटर ओढण्याचा विषय दोन बैठकांत मार्गी लागला नाही. मग पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली हायब्रिड उरली.

पहिला आठवडा शब्दांचा गुंता सोडवण्यात गेला. गाडीच्या मागे 'हायब्रिड' लिहिलेले असले तरी ती सगळी एक जात नव्हे. माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनाला थोडा हातभार लावते, सिग्नलला बंद पडलेले इंजिन हळूच चालू करते, पण ती एकटी चाके फिरवू शकत नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोटर एवढी ताकदवान असते की इंजिन पूर्ण बंद ठेवून गाडी काही अंतर चालते, आणि ब्रेक दाबताना एरवी उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती बॅटरीत परत भरली जाते. दोन्हींच्या अ‍ॅव्हरेजमध्ये आणि किमतीत मोठी तफावत आहे. शोरूममध्ये पहिला प्रश्न हाच विचारावा, की इंजिन बंद असताना ही गाडी पुढे सरकते का. उत्तर 'नाही' आले तर ती आपण शोधत असलेली गाडी नव्हे.

दुसरी गोष्ट मी केली ती वही घालण्याची, आणि या साऱ्या प्रवासातले सर्वांत उपयोगाचे काम मला तेच वाटते. ९ जून ते २० जुलै असे सहा आठवडे मी रोज चार ठिकाणच्या वेळा टिपल्या: घर, तावडे हॉटेल, हातकणंगले आणि पेढी. कोणत्या टप्प्याला किती मिनिटे लागली हे त्यातून कळत गेले. आमच्या समजुतीप्रमाणे माझा रोजचा प्रवास 'हायवेचा' होता. वहीने सांगितले की तीस किलोमीटरला सरासरी पंचावन्न मिनिटे लागतात, म्हणजे वेग ताशी तेहतीसच्याही आत. दाभोळकर कॉर्नर, कावळा नाका, शिरोलीपाशी रुंदीकरणाच्या कामाने वळवलेली वाहतूक, हातकणंगल्याचा बाजार, आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागची रांग. एरवी कोणत्याही गाडीला नकोसा वाटणारा हा थांबत-सरकत जाणारा रस्ता हायब्रिडला मात्र मानवतो, कारण कमी वेगात मोटर काम करते आणि थांबताना बॅटरी भरते. मोकळ्या महामार्गावर एकसारखे शंभरने जाणाऱ्याला तिचा फायदा बराच कमी होतो. साध्या गाडीचे अ‍ॅव्हरेज हायवेला वाढते, इथे गणित उलटे असते. तुमचा बहुतेक प्रवास कोल्हापूर-पुणे असेल तर पुढचा हिशेब तुम्हाला तसाच लागू होणार नाही.

मग आकडे जमवले. टोयोटा हायरायडर आणि मारुती सुझुकी ग्रँड व्हिटारा या दोन्हींच्या स्ट्राँग हायब्रिडचे जाहीर अ‍ॅव्हरेज लिटरला २७.९७ किलोमीटर, होंडा सिटीच्या हायब्रिडचे सत्तावीसच्या पुढे, आणि टोयोटा इनोव्हा हायक्रॉसचे २३.२४. हे आकडे खोटे नसतात, पण ते रस्त्यावरचे नसतात. प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चढवून, एसी बंद ठेवून, सुमारे वीस मिनिटांच्या ठरीव वेग-आराखड्यावर ती चालवली जाते आणि त्यात वेग ताशी नव्वदच्या वर जातच नाही. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे कागदावरच सहा-सात टक्क्यांची घट धरावी लागते. आमच्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांना इथेनॉलने आधार दिला आहे, त्यामुळे त्याविरुद्ध बोलणे मला जड जाते, पण हिशेब मांडताना ती घट धरलीच पाहिजे. मी जाहीर आकड्यातून वीस टक्के वजा करून लिटरला बावीस किलोमीटर धरले आणि पुढची सारी गणिते त्यावर केली.

१२ आणि १९ जुलै, हे दोन्ही शनिवार टेस्ट ड्राइव्हचे. प्रत्येक ठिकाणी मी एकच मार्ग मागितला: कावळा नाका, स्टेशन, बिंदू चौक, रंकाळा आणि परत. सुमारे बारा किलोमीटर. बहुतेक ठिकाणी आधी शोरूमसमोरची सरळ दोन किलोमीटरची फेरी पुढे केली गेली. मी नम्रपणे सांगितले की पंधरा-वीस लाखांचा निर्णय दोन किलोमीटरवर घेता येणार नाही, आणि हे सांगितल्यावर कोणी नाही म्हटले नाही. निघण्यापूर्वी ट्रिप मीटर शून्य करायचे, एसी चालू ठेवायचा, मागे अण्णा आणि आई बसलेले. त्या पावसात आणि गर्दीत हायरायडरने २३.६ दाखवले, ग्रँड व्हिटाराने २३.१ आणि सिटीने २४.२. तुलनेसाठी त्याच रस्त्यावर चालवलेल्या साध्या पेट्रोल ऑटोमॅटिक एसयूव्हीने १२.८ दाखवले. बारा किलोमीटरच्या आकड्यावर सगळा भरवसा टाकता येत नाही, परंतु सर्व गाड्यांना एकच रस्ता आणि तीच माणसे दिल्यामुळे त्यांच्यातला फरक खरा मानता येतो.

चालवायला मला सिटी सर्वांत आवडली, हे प्रांजळपणे लिहिते. तिची रचना वेगळी आहे. कमी वेगात इंजिन केवळ वीज बनवते आणि चाके मोटर फिरवते. महामार्गाच्या वेगाला आत एक क्लच जुळतो आणि मग इंजिन थेट चाकांना जोडले जाते. चार सिलिंडरचे इंजिन असल्यामुळे ते चालू झाल्याचे हाताला जाणवतही नाही. हायरायडर आणि ग्रँड व्हिटाराचे इंजिन तीन सिलिंडरचे, त्यामुळे चढावर ते जागे झाले की पायाखाली बारीक थरथर येते. पण बिंदू चौकात उतरताना अण्णांनी सिटीच्या दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली, गुडघ्यावर भार देऊन एकदा उठायचा प्रयत्न केला, पुन्हा बसले, आणि दुसऱ्या वेळी उभे राहिले. ते काहीच बोलले नाहीत. परत येताना ते पुढच्या आसनावर बसायलाही तयार नव्हते. त्याशिवाय तिची जमिनीपासूनची उंची १६५ मिलिमीटर, तर उरलेल्या दोघींची २१०. आजऱ्याच्या शेताकडे जाणारा शेवटचा अर्धा किलोमीटर पावसाळ्यात कसा असतो हे आम्हाला ठाऊक आहे. सिटीचा विचार तिथेच थांबला.

डिकीची परीक्षा मात्र घरून साहित्य नेऊनच करावी. हायब्रिडची बॅटरी मागच्या बाजूला असल्याने सामानाची जागा कमी होते. साध्या सिटीची डिकी ५०६ लिटरची आहे आणि हायब्रिडची ३०६. ग्रँड व्हिटाराची साधी ३७३, हायब्रिडची २६५. हे आकडे वाचून डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. म्हणून आम्ही प्रवासाच्या दोन मोठ्या बॅगा आणि घनसाळ तांदळाचे एक रिकामे पोते घेऊन गेलो, आणि पोते शोरूममधल्या जुन्या वर्तमानपत्रांनी भरले. एक उभी बॅग, एक आडवी बॅग आणि पोते अशी मांडणी झाली तेव्हा झाकण बसले, पण मागच्या काचेतून दिसणे जवळजवळ बंद झाले. आम्ही चौघे आणि दोन पोती असा प्रवास हवा असेल तर एक पोते पायांशी घ्यावे लागणार, हे तिथेच ठरले आणि आईंनी ते मान्य केले. ज्यांना दर आठवड्याला सामान न्यायचे असते त्यांनी ही गोष्ट हलकी घेऊ नये.

आता भरवशाचा प्रश्न. घरातल्या सगळ्यांची भीती एकच होती: बॅटरी गेली तर काय? मी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा उद्यमनगरात गेले. मिस्त्रींकडे एक हायब्रिड गाडी पुढच्या बंपरच्या कामाला आली होती. त्यांनी बॉनेट उघडून मला नारंगी वेष्टणातली जाड वायर दाखवली. "ही नारंगी दिसली की आपन हात मागं घेतो. ह्याचं ट्रेनिंग वेगळं, हातमोजं वेगळं. पन एक सांगतो ताई, ह्यात क्लचप्लेट न्हाई, स्टार्टर न्हाई, डायनामोचा पट्टा न्हाई. जे आमच्याकडं रोज येतं तेच ह्यात न्हाई." त्यांचे म्हणणे नंतर मी तपासले. टोयोटाच्या पद्धतीत इंजिन आणि दोन मोटर एका प्लॅनेटरी गिअर-संचाने जोडलेल्या असतात. तिथे नेहमीचा गिअरबॉक्सच नसतो, आणि इंजिन चालू करण्याचे कामही त्यांतलीच एक मोटर करते. ही कल्पना १९९७ मध्ये जपानमध्ये आलेल्या प्रियसपासून रस्त्यावर आहे, म्हणजे तिला अठ्ठावीस वर्षांची परीक्षा मिळालेली आहे. हायरायडरची बॅटरी फक्त ०.७६ युनिटची असते. ती कधी पूर्ण भरू दिली जात नाही आणि कधी पूर्ण उतरू दिली जात नाही, म्हणून ती लवकर थकत नाही. तिच्यावर आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत वॉरंटी आहे. माझे वर्षाचे किलोमीटर अठरा हजार धरले तर आठ वर्षांत १ लाख ४४ हजार होतात, म्हणजे माझ्या वापराला वॉरंटी पूर्ण पुरते. वर्षाला पंचवीस हजार चालवणाऱ्याची वॉरंटी मात्र साडेसहा वर्षांच्या आतच संपेल. हा भागाकार प्रत्येकाने आपापला करावा.

कोल्हापूरकराला याहून वेगळी एक काळजी असते, ती पुराची. २०१९ आणि २०२१ चे पाणी आम्ही पाहिलेले आहे. उच्च दाबाच्या वायर आणि बॅटरी सीलबंद असतात आणि बिघाड जाणवताच प्रवाह आपोआप तोडला जातो, पण म्हणून साचलेल्या पाण्यात गाडी घालता येते असे मुळीच नाही. त्यातून बॅटरी थंड ठेवण्यासाठी हवा आत घेणारी जाळी मागच्या आसनाजवळ असते. पंचगंगेची पातळी वाढू लागली की गाडी उंचावर नेऊन ठेवायची हा नियम आम्ही घरात आताच केला आहे. त्या जाळीवर पिशवी, शाल, काहीही ठेवू नये आणि तिचे फिल्टर सर्व्हिसिंगला साफ करून घ्यावे, हे एका तंत्रज्ञाने मला दोनदा बजावले.

वापरणाऱ्याचा अनुभव हवा होता, म्हणून ओळखीतून हायक्रॉस चालवणाऱ्या एका टुरिस्ट गाडीवाल्यांना गाठले. त्यांची गाडी दोन वर्षांत एक लाख बारा हजार किलोमीटर चालली होती. बॅटरीची तक्रार एकही नाही, आणि पुढचे ब्रेक पॅड त्यांनी नव्वद हजार किलोमीटर झाल्यावर पहिल्यांदा बदलले, कारण अर्धा ब्रेक मोटरच लावते. त्यांच्या हिशेबात पाच माणसे आणि एसी असताना अ‍ॅव्हरेज सतराच्या आसपास पडत होते. हायक्रॉस आमच्या बजेटच्या आणि आमच्या पार्किंगच्या दोन्हींच्या बाहेरची होती, पण त्या अर्ध्या तासाने अण्णांची भीती गेली ती कायमची.

दिसण्याबद्दल थोडे लिहायलाच हवे, कारण शेवटी उरलेल्या दोन गाड्यांत निर्णय त्यावरच झाला. हायरायडर आणि ग्रँड व्हिटारा आतून एकच यंत्र आहेत आणि दोन्ही कर्नाटकातल्या बिदडीच्या टोयोटाच्या कारखान्यात बनतात. बाजूने पाहिले तर त्या बहिणी-बहिणी दिसतात. तोंडे मात्र वेगळी. ग्रँड व्हिटाराच्या पुढच्या दिव्यांत तीन-तीन ठिपके, रुंद काळी जाळी, आणि एकूण भारदस्तपणा. हायरायडरचे दिवे बारीक आणि दुहेरी पट्टीचे, त्यामुळे चेहरा तरतरीत. माझ्या मुलीला ग्रँड व्हिटारा आवडली होती आणि कोल्हापुरात गाडीला रुबाब पाहिजे हे तिचे म्हणणे आम्हालाही पटत होते. मला हायरायडरचा साधेपणा आवडला. दहा वर्षे जी गोष्ट रोज पार्किंगमध्ये दिसणार ती डोळ्यांना रुचली पाहिजे, त्यामुळे दिसण्याचा विचार उथळ आहे असे मी मानत नाही. रविवारी दोन्ही गाड्या पुन्हा दिवसाउजेडी पाहिल्या आणि मुलीने आपले मत बदलले, ते रंगामुळे. निळ्या रंगात हायरायडर तिला आवडली.

पैशांचे गणित मी वहीच्या शेवटच्या पानावर मांडले. कोल्हापुरात तेव्हा पेट्रोल लिटरला १०४ रुपयांच्या आसपास होते. वर्षाला १८,००० किलोमीटर. चौदाच्या अ‍ॅव्हरेजने साध्या पेट्रोल ऑटोमॅटिकला १,२८६ लिटर म्हणजे सुमारे १ लाख ३४ हजार रुपये. बावीसच्या अ‍ॅव्हरेजने हायब्रिडला ८१८ लिटर म्हणजे ८५ हजार. वर्षाची बचत साधारण ४८,५०० रुपये. हायब्रिडसाठी रस्त्यावर येईपर्यंत तीन लाख जास्त मोजावे लागतात, म्हणजे ते फिटायला सहा वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. हेच गणित वर्षाला ८,००० किलोमीटर चालवणाऱ्यासाठी केले तर बचत २१,६०० रुपये होते आणि फिटायला चौदा वर्षे लागतात. माझ्या ओळखीच्या एका बाईंचे घर आणि काम दोन्ही शाहूपुरीत आहे. त्यांनी हे पान पाहून साधी गाडी घेतली, आणि त्यांचा निर्णय त्यांच्यासाठी अगदी योग्य आहे.

ऑगस्टच्या सुरुवातीस बुकिंग करायचे ठरत होते, तेवढ्यात १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटीत बदल होणार असल्याची घोषणा झाली. आम्ही थांबलो. ३ सप्टेंबरच्या रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय आला: नवे दर २२ सप्टेंबरपासून. लहान गाड्यांवरचा कर १८ टक्क्यांवर आला, पण चार मीटरहून लांब किंवा १,२०० सीसीहून मोठ्या इंजिनाच्या पेट्रोल हायब्रिडवर आधी सेससह ४३ टक्के होता तो ४० झाला. म्हणजे आमच्या गाडीच्या किमतीत दोन टक्क्यांच्या जरा वर, पस्तीस हजारांच्या आसपास फरक पडला. थांबण्याचे सार्थक झाले, पण शेजारी लहान गाडी घेणाऱ्यांना मिळाले तेवढे नाही. त्याच ३ सप्टेंबरला मारुतीने व्हिक्टोरिस दाखवली. तिच्या हायब्रिडचे जाहीर अ‍ॅव्हरेज २८.६५. पतींना मोह झाला. मी म्हटले की आपण भरवसा तपासण्यासाठी दोन महिने घालवले आहेत, तर अजून कोणी वर्षभरही न वापरलेल्या मॉडेलसाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको. मधला काळ पितृपक्षाचा होता आणि आईंच्या शब्दाला मान देऊन आम्ही त्यात काही केले नाही. घटस्थापना २२ सप्टेंबरलाच होती. २४ तारखेला पंचवीस हजार भरून हायरायडरचे बुकिंग केले.

दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, गाडी घरी यावी अशी सर्वांची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही आणि त्याचे कारण जुन्या गाडीची कागदपत्रे. जुनी गाडी एक्स्चेंजला द्यायची तर तिच्या आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, कर्जाचा बोजा नसावा लागतो. आमचे कर्ज २०१७ मध्ये फिटले होते, बँकेचे पत्रही घरात होते, पण आरसीवरचा बोजा कोणी उतरवलाच नव्हता. ऑगस्टमध्ये हे लक्षात आल्यावर बँकेकडे ना-हरकत दाखला आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ मागितला. ती शाखा मधल्या काळात दुसऱ्या शाखेत विलीन झालेली, जुने खाते दिसेना, सात खेपा झाल्या आणि दाखला हाती आला २९ सप्टेंबरला. त्याच्या आधी आणखी एक पायरी होती. २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावल्याशिवाय आरटीओचे हे काम पुढे सरकत नाही. तिचे ७४५ रुपये आणि जीएसटी मिळून ८७९ रुपये भरले, आणि प्लेट अर्जानंतर सतरा दिवसांनी बसली. बोजा उतरल्याचा संदेश ८ ऑक्टोबरला आला. माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे की तुमची गाडी आज विकायची नसली तरी परिवहन संकेतस्थळावर तिचा तपशील उघडून बोजा दिसतो का ते आजच पाहा. एक्स्चेंजला गाडी देताना मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या की काम संपले असे समजू नये. नाव बदलल्याचा संदेश येईपर्यंत पाठपुरावा करावा, कारण तोवर त्या गाडीची जबाबदारी आपलीच असते.

विम्याच्या कागदावर मला सर्वाधिक वेळ द्यावा लागला. पहिला अंदाज अडुसष्ट हजारांचा होता. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला त्याचा दर १०,६४० रुपये. हायब्रिडला त्यावर साडेसात टक्के सवलत आहे, म्हणजे ७९८ रुपये. ती लावलेलीच नव्हती. रक्कम मोठी नाही, पण ती दाखवल्यावर उरलेल्या ओळीही पुन्हा तपासल्या गेल्या, न मागितलेली दोन कलमे निघाली आणि आकडा ५७,५०० वर आला. विमा कुठून घ्यायचा हे ठरवण्याचा हक्क ग्राहकाचा असतो, शोरूमची सक्ती नसते. बॅटरी आणि मोटर यांना पाण्याने झालेले नुकसान पॉलिसीत येते का, हे मी लेखी विचारून घेतले.

बाकीचे आकडे असे: एक्स-शोरूम साडेसोळा लाखांच्या आसपास, दहा ते वीस लाखांतल्या पेट्रोल गाडीला असतो तोच १२ टक्के रोड टॅक्स, म्हणजे १ लाख ९८ हजार, आणि दहा लाखांवरच्या गाडीला लागणारा एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आपल्याकडून घेऊन भरायचा आयकर. सगळे मिळून १९ लाख २५ हजारांपर्यंत गेले. टीसीएस हा खर्च नव्हे. तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. बिलावर पॅन बरोबर आहे ना, एवढे जरूर पाहावे.

१७ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या दिवशी, गाडी नोंदणीला जाण्यापूर्वी यार्डात जाऊन पाहिली. ओडोमीटरवर १९ किलोमीटर, उत्पादन-पट्टीवर सप्टेंबर २०२५. उन्हात प्रत्येक दारावरून हात फिरवला, पाचही टायर कोणत्या आठवड्यात बनले ते त्यांच्यावर वाचले, चासी नंबर कागदाशी ताडला. मागच्या डाव्या दाराच्या कडेला नखाएवढा रंग उडालेला होता, तो दुरुस्त करून देण्याचे लेखी घेतले आणि त्यांनी दिला. नंबर मिळाल्याशिवाय आणि प्लेट बसल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही हे आधीच ठरले होते. २२ ऑक्टोबरला, पाडव्याला, एमएच ०९ ची प्लेट लावलेली गाडी आईंनी ओवाळली. पार्किंगमधून बाहेर काढताना इंजिन चालूच झाले नाही, गाडी मोटरवर सरकत फाटकापर्यंत गेली, आणि अण्णांनी विचारले, "सुरू केलीस का?"

त्यानंतरचे आकडे टाकी ते टाकी मोजलेले आहेत, म्हणजे दर वेळी त्याच पंपावर, नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत भरून. नोव्हेंबरमध्ये १,४८६ किलोमीटरला ६२.४ लिटर, अ‍ॅव्हरेज २३.८. डिसेंबरमध्ये पुण्याची एक फेरी झाली, जाऊन-येऊन ४७० किलोमीटर, बहुतेक वेळ ताशी पंचाण्णव ते शंभर. त्या फेरीत २३.६ लिटर लागले, म्हणजे अ‍ॅव्हरेज १९.९. पुण्याच्या रस्त्याबद्दल वहीने जे सांगितले होते ते खरे निघाले. पायाचा भारही शिकावा लागतो. ब्रेक उशिरा आणि जोरात दाबला तर शक्ती वाया जाते. पुढे ट्रॉली दिसली की लांबूनच पाय काढला तर बॅटरी भरत राहते. हे अंगवळणी पडायला मला तीन आठवडे लागले.

एका गोष्टीने मात्र आम्ही घाबरलो होतो. जानेवारीत रत्नागिरीला जाताना आंबा घाट उतरत होतो. दहा-पंधरा मिनिटांत बॅटरीचा दर्शक भरत आला आणि अचानक इंजिन मोठ्याने गरजू लागले, जणू कोणी पाय दाबून धरला आहे. माझा पाय तर ॲक्सिलरेटरवर नव्हता. गाडी बाजूला घेतली, पुस्तिका काढली. बॅटरीत आणखी वीज भरायला जागा उरली नाही की गाडी इंजिन नुसते फिरवून वेग आवरते, त्यात पेट्रोल जळत नसते, आणि ब्रेक नेहमीसारखे लागतात. घाट सुरू होतानाच गिअरचा दांडा 'बी' वर, म्हणजे उतारावर इंजिनाने वेग आवरण्याच्या खुणेवर, घ्यायला हवा होता. पुढच्या उतारावर तसे केले आणि त्याआधी मागे बसलेल्यांना आवाजाची कल्पना दिली.

जानेवारीचा हिशेब १,५१२ किलोमीटरला ६४.८ लिटर, अ‍ॅव्हरेज २३.३. जुन्या गाडीचे नाव बदलल्याचा संदेश ११ डिसेंबरला आला. टीसीएसची रक्कम माझ्या फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या माझ्या कराच्या नोंदीत, दिसू लागली आहे, ती जुलैच्या विवरणपत्रात घेईन. वहीत आता उन्हाळ्याचे पान बाकी आहे. एप्रिल-मेमध्ये एसी पूर्ण वेळ चालू असताना काय अ‍ॅव्हरेज पडते ते तिथे लिहायचे आहे.